"आम्ही फक्त ड्यूटी केली": लष्करी परिचारिकांच्या जीवनकथनात त्यांची ओळख कुठे असते

परिचर्या विषयात पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला आहे. युद्धकाळात लष्करी रुग्णालयांत काम केलेल्या काही निवृत्त परिचारिकांच्या तिने दीर्घ मुलाखती घेतल्या. प्रबंधाचा विषय आहे जीवनकथनातून घडणारी ओळख. पण या बायका स्वतःबद्दल बोलतच नाहीत. रुग्णांबद्दल, वॉर्डबद्दल, सोबतिणींबद्दल तासन्‌तास बोलतात आणि स्वतःचा विषय निघाला की "आम्ही फक्त ड्यूटी केली" असं म्हणून पुढे सरकतात. तारखाही नोंदींशी जुळत नाहीत. मार्गदर्शकांनी विचारलं आहे की यात ओळख कुठे आहे.

माझं उत्तर असं, की ती तुमच्या ध्वनिमुद्रणात आहेच आणि भरपूर आहे. फक्त "मी अशी होते, मला असं वाटलं" अशा वाक्यांमध्ये ती सापडणार नाही. अनेक वर्षं अशी कथनं ऐकल्यावर आणि छापील आठवणी वाचल्यावर माझी खात्री पटली आहे की लष्करी परिचारिका स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीतून सांगते. ती कोणता रुग्ण निवडते, त्याच्याशेजारी स्वतःला कुठे उभं करते, त्याचं काय झालं हे किती सांगते आणि कुठे थांबते, यातून तिची ओळख घडते. तिच्या 'मी'ची वाट बघत बसलात तर सगळा ऐवज हातून निसटेल.

यामागचं कारण आधी पाहू. सैनिक युद्धाची गोष्ट सांगायला बसतो तेव्हा तो युद्धात होता हे सिद्ध करावं लागत नाही. परिचारिकेला तिथून सुरुवात करावी लागते. "मी काही युद्धात नव्हते हो, मी हॉस्पिटलात होते," हे वाक्य तुमच्या मुलाखतींत नक्की असेल. आणि त्यानंतर दहाच मिनिटांत गोळे कुठे पडत होते, तंबू कसा फाटला, रात्री दिवे घालवून शस्त्रक्रिया कशी चालली याचं वर्णनही असेल. या दोन विधानांत विसंगती शोधू नका. युद्धात असण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही हे ती आधी मान्य करते आणि मग तो हक्क हळूहळू उभा करते. कथनाचं पहिलं मोठं काम हेच असतं.

हा हक्क किती उशिरा मिळाला ते पाहा. व्हिएतनाम युद्धात सुमारे ११,००० अमेरिकन लष्करी महिला तिथे तैनात होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य परिचारिका होत्या. त्या युद्धात मेलेल्यांची नावं कोरलेल्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकभिंतीवर आठ महिलांची नावं आहेत, आणि त्या आठही परिचारिका. भिंत १९८२ मध्ये उभी राहिली. महिलांचं स्वतंत्र शिल्प बसवायला १९९३ उजाडलं. तिथे परिचारिका म्हणून काम केलेल्या डायान कार्लसन इव्हान्स यांनी १९८४ पासून ते काम नेटाने चालवलं होतं. त्या मधल्या वर्षांत ज्या परिचारिका बोलल्या आणि १९९३ नंतर ज्या बोलल्या, त्यांच्या कथनांतला फरक ऐकला की समाजाने दिलेली जागा माणसाच्या आठवणीच्या आत कशी शिरते ते कळतं. आधीच्या कथनांत बचावाचा सूर जास्त असतो. नंतरच्या कथनांत थेट विधानं येतात.

हुद्द्याचंही तसंच. अमेरिकेत लष्करी परिचारिकांना १९२० मध्ये 'सापेक्ष' हुद्दा मिळाला. खांद्यावर अधिकाऱ्याचं चिन्ह होतं, पण अधिकार आणि वेतन त्या मापाचं नव्हतं. नियमित सैन्यात कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे पूर्ण अधिकारीपद, १९४७ च्या कायद्याने आलं. कॅनडाच्या लष्करी परिचारिका पहिल्या महायुद्धातच लेफ्टनंट होत्या. भारतीय लष्करी परिचर्या सेवेसाठीचा अध्यादेश १९४३ चा आहे. ही सनावळी प्रबंधाच्या पार्श्वभूमीच्या प्रकरणात टाकून मोकळं होऊ नका, ती कथनाशी जोडा. या कथनांत सॅल्यूटचा एक प्रसंग फार वेळा येतो: कुणी केला, कुणी टाळला, कुणी हसत केला. ऐकणाऱ्याला तो किरकोळ किस्सा वाटतो. सांगणारीसाठी ती साक्ष असते. आपण अधिकारी होतो की 'मदतीला आलेली बाई' होतो, याचा निकाल त्या एका हालचालीत लागलेला असतो.

आता रुग्णांकडे येऊ, कारण खरा गाभा तिथे आहे.

प्रत्येक परिचारिकेने हजारो जखमी पाहिलेले असतात. कथनात येतात चार-पाच. ही निवड तिने केलेली असते, आणि दर मुलाखतीत बहुधा तेच चार-पाच येतात. त्यांचे गट पाडून बघा. एक असतो जगलेला, ज्याने नंतर पत्र पाठवलं किंवा जो अनेक वर्षांनी भेटला. एक असतो मेलेला, ज्याचा हात तिने धरून ठेवला होता. शत्रुपक्षाचाही एक असतो. आणि बहुतेक कथनांत एक असा असतो, ज्याच्यापर्यंत ती पोचू शकली नाही. या चौथ्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

तो का येतो, हे तुम्ही स्वतः परिचारिका असल्यामुळे चटकन कळेल. शांततेच्या काळात आपण शिकतो की जो सर्वांत गंभीर त्याच्याकडे आधी धावायचं. एकाच वेळी शंभर जखमी येतात आणि टेबलं चार असतात तेव्हा हा नियम उलटतो. वर्गवारी करावी लागते. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक डॉमिनिक जाँ लारे यांच्यापासून ट्रायजची, म्हणजे जखमींच्या वर्गवारीची, ही परंपरा सांगितली जाते. हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायचा, हे त्यांचं तत्त्व. पुढच्या युद्धांत त्यात आणखी एक हिशोब मिसळला, की कोण लवकर बरा होऊन आघाडीवर परतू शकेल. आणि एक गट असा ठरला, की ज्यांच्यावर उपचारांचा वेळ आणि रक्त खर्च करायचं नाही, वेदनाशामक द्यायचं आणि बाजूला ठेवायचं. व्हिएतनाममधल्या परिचारिकांच्या कथनांत या पडद्याआडच्या खाटा पुन्हा पुन्हा येतात. डॉक्टर निर्णय देऊन पुढच्या टेबलाकडे जात. त्या माणसाजवळ थांबायचं काम, किंवा न थांबता पुढे जायचं काम, परिचारिकेचं असे.

दोन शिकवणी इथे एकमेकींवर आदळतात. परिचर्या सांगते, हा माणूस तुझा आहे. लष्कर सांगतं, ही तुकडी तुझी आहे. ती त्या क्षणी काय करते यापेक्षा चाळीस वर्षांनी ते कसं सांगते, यात तिची ओळख घडते. काही जणी सांगतात, "नियम होता, आम्ही पाळला, म्हणून बाकीचे जगले." काही जणी सांगतात, "ड्यूटी संपल्यावर मी परत जाऊन त्याच्याजवळ बसले." पहिली स्वतःला अधिकारी म्हणून उभी करते, दुसरी परिचारिका म्हणून. आणि काही जणी एकाच मुलाखतीत दोन्ही सांगतात, तासाभराच्या अंतराने, एकाच रुग्णाबद्दल. अशी मुलाखत हाती आली असेल तर प्रबंधाचं मुख्य प्रकरण तिच्यावरच लिहा. दोन्हींतलं खरं कोणतं हे ठरवायला जाऊ नका. तिला दोन्ही व्हावं लागलं होतं, आणि दोन्ही एकत्र सांगता येतील असं एक वाक्य तिला अजून मिळालेलं नाही.

या टकरीचं सर्वांत उघडं चित्र पहिल्या महायुद्धात एलेन ला मोट या प्रशिक्षित अमेरिकन परिचारिकेने लिहून ठेवलं. बेल्जियममधल्या फ्रेंच फील्ड हॉस्पिटलमधला तो अनुभव. एका सैनिकाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याला पराकाष्ठेने वाचवायचं, शुश्रूषा करून उभं करायचं, कशासाठी, तर त्याला लष्करी न्यायालयापुढे उभं करून गोळी घालता यावी म्हणून. ते लेखन १९१६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि अमेरिका युद्धात उतरल्यावर १९१८ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. का काढलं गेलं हे समजायला अवघड नाही. आपली सेवा कुणाच्या कामी येते असं परिचारिकेने विचारलं, की देवदूताची प्रतिमा उरत नाही, आणि युद्धाला ती प्रतिमा हवी असते.

ही प्रतिमा परिचारिकेच्या जन्माआधीपासून तयार असते. क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. परत आल्यावर त्यांनी लष्करातल्या मृत्यूंची आकडेवारी मांडून रुग्णालयव्यवस्था बदलायला सरकारला भाग पाडलं, त्यासाठी वर्षानुवर्षं खपल्या. लोकांच्या लक्षात मात्र रात्री वॉर्डात फिरतानाचा त्यांच्या हातातला दिवाच राहिला. त्याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल यांना अधिकृत पथकात घेतलं गेलं नाही. त्या स्वखर्चाने गेल्या, बालाक्लावाजवळ सैनिकांसाठी खानावळ आणि उपचार असं दोन्ही चालवलं, आणि १८५७ मध्ये स्वतःची कहाणी छापली. तिच्यात त्या सैनिकांच्या आईच्या जागी उभ्या राहतात. हुद्दा नाही, पथक नाही, गणवेश नाही. मग आपण तिथे कोण होतो, याचं उत्तर त्यांनी नात्यातून दिलं. तुमच्या मुलाखतींतही "ती मुलं माझ्या धाकट्या भावासारखी होती" असं येईल. त्याला नुसतं वात्सल्य समजू नका. अधिकार नसलेल्या ठिकाणी नातं अधिकार देतं. आई आणि बहीण जखमी पुरुषाच्या उघड्या शरीराजवळ जाऊ शकतात आणि त्यावर कुणी बोट ठेवत नाही. तरुण अविवाहित मुलीला पुरुषांच्या वॉर्डात रात्री एकटीने राहण्यासाठी या आधाराची गरज होती, आणि कथनातही ती असते.

शत्रुपक्षाच्या रुग्णाबद्दल थोडंसं. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून जखमींची शुश्रूषा राष्ट्र न बघता करायची हा नियम आहे. १९४९ च्या करारात तर स्पष्ट म्हटलं आहे की उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीवर ठरावा. कथनात मात्र हा रुग्ण नियम म्हणून येत नाही, परीक्षा म्हणून येतो. इंग्रज लेखिका व्हेरा ब्रिटन यांनी १९१७ मध्ये फ्रान्समधल्या एतापलला स्वयंसेवी परिचारिका म्हणून जखमी जर्मन कैद्यांची शुश्रूषा केली. आठवणी छापून आल्या १९३३ मध्ये. त्याआधीच्या वर्षांत त्या राष्ट्रसंघाच्या बाजूने शांततेसाठी व्याख्यानं देत फिरत होत्या, आणि पुढे पूर्ण शांततावादी झाल्या. एतापलच्या त्या वॉर्डचा अर्थ असा मागाहून भरत गेला. घडलं तेव्हा तो एक थकवणारा वॉर्ड होता. लिहिलं तेव्हा तो एका आयुष्याचा वळणबिंदू झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ गाब्रिएले रोझेन्थाल जगलेलं आयुष्य आणि सांगितलेलं आयुष्य यांचं विश्लेषण आधी वेगवेगळं करा आणि मग शेजारी ठेवा असं सांगतात, ते यासाठीच. त्या काळची पत्रं किंवा रोजनिशी मिळाली तर ही तुलना नक्की करा.

ब्रिटनबाईंच्या निमित्ताने एक सावधगिरी. छापील आठवणींचा ढीग बघितला तर स्वयंसेवी, सुखवस्तू घरातल्या मुलींचा आवाज त्यात फार मोठा आहे. तीन-तीन वर्षं प्रशिक्षण घेतलेल्या व्यावसायिक परिचारिकांनी त्या मानाने कमी लिहिलं. स्वयंसेविकेसाठी युद्ध म्हणजे घराबाहेर पडण्याची, स्वतःला शोधण्याची गोष्ट. व्यावसायिक परिचारिकेसाठी युद्ध म्हणजे आधीच असलेल्या पेशाची मान्यता मिळवण्याची लढाई. इंग्लंडमध्ये परिचारिका नोंदणीचा कायदा १९१९ चा, युद्ध संपल्यानंतरचा. म्हणून छापील पुस्तकांतला 'मी मोठी झाले' हा साचा तुमच्या मुलाखतींवर बसवू नका. तुमच्या बायकांच्या कथनाचा कणा बहुधा कामाचा आहे, आणि "आम्ही फक्त ड्यूटी केली" हे वाक्य त्या कण्याचा भाग आहे. त्यात नम्रता असेल, पण दावाही आहे: आम्हाला काम येत होतं, आम्ही ते केलं, आमची पूजा करू नका आणि आमची कीवही करू नका.

तो दावा किती खोल असतो ते फिलिपिन्समधल्या अमेरिकन परिचारिकांच्या बाबतीत दिसतं. १९४२ मध्ये मनिला आणि मग बातान व कोरेगिडोर ही ठाणी जपान्यांच्या हाती पडल्यावर लष्कराच्या ६६ आणि नौदलाच्या ११ परिचारिका जपानी छावण्यांत कैद झाल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये सुटका होईपर्यंत त्यांतली एकही दगावली नाही. मनिलातल्या सांतो तोमास छावणीत लष्करी परिचारिकांच्या प्रमुख मॉड डेव्हिसन यांनी त्यांच्या शिफ्ट लावून दिल्या, कैदेतलं रुग्णालय चालवलं आणि उपासमारीतही ड्यूटीचा तक्ता मोडू दिला नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना 'देवदूत' म्हटलं. त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं त्यात पंख कुठेच नाहीत, पाळ्या आहेत. कैदी म्हणून जगायचं की परिचारिका म्हणून, हा निर्णय रोज सकाळी ड्यूटीवर हजर होण्यातून घेतला जात होता. डेव्हिसन यांच्या नावाची मोठ्या सन्मानपदकासाठी झालेली शिफारस तेव्हा मान्य झाली नाही. ते पदक २००१ मध्ये मरणोत्तर दिलं गेलं. 'देवदूत' म्हणायला कुणाची हरकत नव्हती. तुकडीचं नेतृत्व केलं असं म्हणायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

आता मौनाबद्दल, आणि यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण तरुण संशोधक मौनाला 'माहितीची उणीव' समजतात आणि प्रश्नांवर प्रश्न टाकत जातात.

१२ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरहून निघालेल्या व्हायनर ब्रुक जहाजावर ६५ ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिका होत्या. दोन दिवसांनी जहाज बुडवलं गेलं. १२ जणी समुद्रात गेल्या. २२ जणी बांका बेटाच्या एका किनाऱ्यावर होत्या. जपानी सैनिकांनी त्यांना पाण्यात चालायला लावून मागून गोळ्या घातल्या. २१ मेल्या. व्हिव्हियन बुलविंकल वाचल्या, काही दिवस लपल्या आणि मग शरण जाऊन कैदेतल्या सोबतिणींना मिळाल्या. जे घडलं ते त्यांनी त्यांना सांगितलं आणि सर्वांनी ठरवलं की यातला शब्दही बाहेर जाऊ द्यायचा नाही, कारण साक्षीदार जिवंत आहे हे कळलं तर तिला मारतील. साडेतीन वर्षं ते गुपित त्या सगळ्यांनी मिळून सांभाळलं. ६५ पैकी २४ घरी परतल्या. १९४६ मध्ये बुलविंकल यांनी टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणापुढे साक्ष दिली.

पण मौन तिथे संपलं नाही. अनेक दशकांनी इतिहासकारांनी असे पुरावे मांडले की गोळ्या घालण्याआधी त्या परिचारिकांवर लैंगिक अत्याचार झाला होता आणि ते न सांगण्याबद्दल बुलविंकल यांच्यावर वरून दबाव होता. म्हणजे एकाच बाईच्या आयुष्यात दोन मौनं होती. पहिलं सोबतिणींनी मिळून, जीव वाचवण्यासाठी पाळलेलं. दुसरं संस्थेने लादलेलं. कथनात दोन्ही ठिकाणी फक्त एक थांबणंच ऐकू येईल. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि आतून त्यांचा अर्थ उलटा असतो. एकाने तिला त्या गटाची बनवलं, दुसऱ्याने तिला एकटं पाडलं.

म्हणून मौन आलं की ते कुणासाठी पाळलं जात आहे हे स्वतःला विचारा. काही मौनं रुग्णासाठी असतात. मरताना तो काय बोलला हे ती सांगत नाही, कारण ते त्याच्या बायकोचं आहे. काही सोबतिणींसाठी असतात. काही संस्थेच्या भीतीने. आणि काही ऐकणाऱ्यासाठी, म्हणजे तुमच्यासाठी. तुम्ही तिच्या नातीच्या वयाच्या आहात, तुम्हाला हे ऐकवायचं नाही असं तिने ठरवलेलं असतं. प्रतिलेखनात, म्हणजे मुलाखत शब्दशः उतरवून काढताना, या जागा टिंबं देऊन पुसू नका. किती वेळ थांबली, त्यानंतर पहिलं वाक्य काय बोलली, ते लिहा. मात्र तिथे परत जाऊन खणू नका. तिने दार लावलं असेल तर ते तिचं दार आहे, आणि प्रबंधासाठी ते उघडायला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मौनाच्या शेजारीच आणखी एक गोष्ट सापडते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कथनातला सर्वांत कठीण प्रसंग आला की परिचारिकेची भाषा एकदम तांत्रिक होते. ड्रेसिंग कशाने केलं, कोणतं द्रावण होतं, सुया कशा उकळल्या, रक्ताच्या बाटल्या कुठे टांगल्या. भावना टाळण्यासाठी ती असं करते असं समजून हा मजकूर गाळला जातो. माझ्या मते हे तिचं सर्वांत खरं आत्मकथन आहे. सगळं कोसळत असताना आपल्या हातांना काय करायचं ते माहीत होतं, हे ती सांगत असते. तिच्या रडण्यापेक्षा त्या बोरिक पावडरीत आणि त्या पट्ट्यांच्या घड्यांत ती जास्त आहे. तुम्ही स्वतः परिचारिका आहात म्हणून ही भाषा ती तुमच्यापुढे मोकळेपणी बोलली. वाचकाला ती समजावून द्या, पण काढू नका.

ऐकणारा कोण आहे यावर कथन किती अवलंबून असतं ते बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या कामातून कळतं. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत महिलांशी त्यांनी वर्षानुवर्षं बोलणं केलं. त्यांत रणांगणावरून जखमींना ओढून आणणाऱ्या वैद्यकीय सहायिका बऱ्याच होत्या. एका घरात नवऱ्याने बायकोला आदल्या रात्री युद्धाचा अधिकृत इतिहास शिकवून ठेवला होता, आणि शिकवलंय तसंच सांग असं बजावलं होतं. या मुलाखतींचं पुस्तक १९८५ मध्ये आलं तेव्हाही सेन्सॉरने बराच मजकूर कापला होता, तो नंतरच्या आवृत्तीत परत आला. मुलाखतीच्या वेळी खोलीत आणखी कोण होतं याची नोंद केली नसेल तर आठवून आत्ताच करा. मुलगा बसलेला असताना सांगितलेली गोष्ट आणि तो चहा आणायला गेल्यावर सांगितलेली गोष्ट यांत फरक असतो.

तारखांबद्दल. इटालियन मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं उदाहरण मार्गदर्शकांना दाखवा. तेर्नी शहरातला लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला. नाटोविरोधी निदर्शनं चालू होती. कामगार मात्र पुन्हा पुन्हा सांगत की तो १९५३ मध्ये, मोठ्या कामगारकपातीच्या विरोधातल्या लढ्यात गेला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. ती का झाली ते विचारलं. त्या मृत्यूला त्याच्या योग्यतेचं कारण हवं होतं, म्हणून लोकांच्या आठवणीने त्याला मोठ्या लढ्यात नेऊन ठेवलं होतं. तुमच्या परिचारिकेने एखाद्या सोबतिणीचा मृत्यू दुसऱ्या महिन्यात किंवा दुसऱ्या ठिकाणी नेला असेल, तर नोंदीतली तारीख तळटीपेत द्या आणि मजकुरात विचारा की इथे आणून ठेवल्यावर त्या मृत्यूचा अर्थ काय होतो.

घरी परतणं हा भाग प्रश्नावलीत बहुधा शेवटच्या ओळीत असतो आणि घाईत उरकला जातो. तो तसा उरकू नका. युद्धात परिचारिकेने असं काम केलेलं असतं जे शांततेत तिला करू दिलं जात नाही. डॉक्टर दुसऱ्या टेबलावर असताना तिने जखमा शिवल्या, निर्णय घेतले, तरुण अधिकाऱ्यांना सूचना दिल्या. परतल्यावर नागरी रुग्णालयात साधी गोळी द्यायलाही सही लागते. व्हिएतनामहून आलेल्या परिचारिकांच्या कथनांत ही तक्रार वारंवार येते, आणि कित्येकींनी लष्करात होतो हे सहकाऱ्यांना सांगितलंच नाही. १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मनोविकार सूचीत जागा मिळाली, तेव्हा पुरुष सैनिकांना आपल्या त्रासासाठी एक नाव मिळालं. परिचारिकांनी ते नाव स्वतःला लावायला आणखी वेळ घेतला. व्हिएतनाममध्ये परिचारिका असलेल्या लिंडा व्हॅन डेव्हँटर यांनी १९८३ मध्ये आपली कहाणी उघडपणे लिहिली तेव्हा काही माजी परिचारिकांनीच तीव्र आक्षेप घेतला, आमची बदनामी होते म्हणून. या वादात चूक-बरोबर शोधण्याची गरज नाही. एकीला 'मी जखमी झाले' असं म्हटल्याशिवाय जगता येत नव्हतं. दुसरीला 'मी ठाम उभी राहिले' असं म्हटल्याशिवाय जगता येत नव्हतं. दोघी त्याच युद्धातून आल्या होत्या.

पुढची मुलाखत घेणार असाल तर "युद्धातल्या आठवणी सांगा" अशी सुरुवात करू नका. त्याने तिच्या तोंडी ठरलेले किस्से येतात. "तुमचं आयुष्य, जिथून सांगावंसं वाटेल तिथून सांगा" एवढंच म्हणा आणि ती थांबेपर्यंत गप्प राहा. ती कुठून सुरू करते ते टिपा. घरातून, प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून की बदलीच्या हुकुमापासून, यातच तिने स्वतःला आधी काय मानलं ते कळतं. तिने उल्लेख केलेल्या गोष्टींबद्दलच आधी विचारा, तुमच्या यादीतले प्रश्न शेवटी. 'आम्ही' कुठे चालू होतं आणि 'मी' कुठे येतं ते प्रतिलेखनात खुणा करून बघा. सोबतिणींच्या, वसतिगृहाच्या, उपासमारीच्या गोष्टी 'आम्ही'त येतील. ज्या रुग्णाजवळ ती 'मी'वर येते तो तिचा रुग्ण.

शेवटी एक प्रत्यक्ष काम राहिलं आहे आणि ते प्रकरण लिहिण्याआधी करा. प्रत्येकीला तिचं प्रतिलेखन मोठ्या अक्षरात छापून द्या, वाचायला महिना द्या, आणि काय खोडायचं, काय बदलायचं ते तिच्याच हाताने करू द्या. काही जणी रुग्णाचं नाव खोडतील, काही जणी डॉक्टरबद्दलचं कडू वाक्य. एखादी "मी घाबरले होते" हे वाक्य खोडेल आणि एखादी तेच वाक्य नव्याने समासात लिहील. खोडलेलं प्रबंधात वापरायचं नाही, हे तिला आधीच लेखी द्या. पण कुणी कुठे बदल केला याची, मजकूर न सांगता, नोंद ठेवण्याची परवानगी तिच्याकडून मागून घ्या. मार्गदर्शकांच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसाल तेव्हा ती नोंद प्रतिलेखनाइतकीच उपयोगी पडेल.